जलचक्राचा धडा गावच्या विहिरीपर्यंत न्यावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मराठवाड्यातील धरणांत किती टक्के साठा उरला याचे आकडे उन्हाळाभर आपल्या दैनिकात येत असतात आणि घरोघरी ते काळजीने वाचले जातात. त्याच घरांतली मुले शाळेत जलचक्र शिकतात, परीक्षेत आकृती काढून बाष्पीभवन, सांद्रीभवन, वृष्टी ही नावे बाणांवर बिनचूक लिहितात. पण त्या बाणांचा आणि गावातल्या कोरड्या हापशाचा संबंध त्यांना क्वचितच कोणी उलगडून दाखवते. भूगोल शिकवण्यात उमेदीची वर्षे गेलेल्या शिक्षकाला ही उणीव फार गंभीर वाटते, म्हणून हे पत्र.

आपल्याकडे खरा प्रश्न सुरू होतो तो थेंब जमिनीवर पडल्यानंतर, आणि नेमका तोच भाग आकृतीत एका बाणावर उरकलेला असतो. मराठवाड्याच्या बहुतांश भागाखाली काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, आहे. या खडकाच्या अंगात पाणी फारसे मुरत नाही. ते साठते वरच्या मुरमात आणि खडकातल्या भेगा-फटींत. त्यावरची काळी जमीन भिजली की फुगते, तिच्या भेगा मिटतात आणि नंतरचे बरेचसे पाणी खाली झिरपण्याऐवजी ओढ्याची वाट धरते. त्यामुळे एका रात्रीत कोसळलेला पाऊस आणि आठवडाभर रिमझिमलेला तेवढाच पाऊस विहिरीच्या दृष्टीने सारखा नसतो. एका बांधाला पाणी लागते आणि शेजारच्या बांधाला बोअर कोरडा जातो, याचे कारणही या भेगांतच आहे. कर्ज काढून बोअर घेणाऱ्या आणि तो कोरडा गेला की नशिबाला दोष देणाऱ्या घरातल्या मुलाला हे कळणे अत्यंत गरजेचे आहे.

त्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. शाळेच्या मैदानात एक पर्जन्यमापक आणि गावातली एक सार्वजनिक विहीर पुरेशी आहे. दर मीटरला गाठ मारलेल्या दोरीला दगड बांधून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, तो विहिरीत सोडावा, कठड्यापासून पाण्यापर्यंत किती गाठी गेल्या ते मोजावे आणि तारखेसह वहीत नोंदवावे. शासनाची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे या महिन्यांत मोजते. शाळांनीही तेच महिने धरावेत. ऑक्टोबरचा आणि मे महिन्याचा आकडा शेजारी शेजारी आला की मधले पाणी कुठे गेले, हा प्रश्न मुलेच विचारतील.

गणिताच्या तासाला याची जोड सहज देता येते. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले. हजार हेक्टर शिवाराच्या गावात वर्षाकाठी 700 मिलिमीटर पाऊस झाला, तर ते पाणी 700 कोटी लिटर होते. यातले ओढ्याने किती गेले, उन्हाने किती उडाले, पिकांनी किती घेतले आणि जमिनीत किती मुरले, याचा ढोबळ ताळेबंद आठवीच्या वर्गाला जमण्यासारखा आहे. मांजरा धरण आटल्याने 2016च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. दहा वाघिणींच्या पहिल्या गाडीने सुमारे पाच लाख लिटर पाणी आले होते. एक हेक्टर रानावर 50 मिलिमीटरचा एकच पाऊस पडला, तर तेवढेच पाणी पडते. हा हिशेब मुलांनी स्वतः मांडून पाहावा, असे मला मनापासून वाटते.

याच ताळेबंदातून वाटपाचा विषय निघतो, आणि तो टाळू नये. शेजाऱ्याने तीनशे फूट बोअर घेतला म्हणून आपण पाचशे फूट जायचे, ही चढाओढ एकाच भूजलातून उपसा करते. 2009च्या भूजल कायद्याने 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन का घातले, हे वर्गात सांगितले गेले पाहिजे. बारा-चौदा महिने उभ्या राहणाऱ्या उसाला किती पाणी लागते आणि तेवढ्यात हरभरा-ज्वारीचे किती क्षेत्र भिजते, ही चर्चा ऊस उत्पादकांच्या मुलांसमोरही, कोणालाही न दुखावता, करता येते. जायकवाडीचा उपयुक्त साठा 15 ऑक्टोबरला 65 टक्क्यांच्या खाली असेल तर नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्याची तरतूद 2014 मध्ये करण्यात आली. मात्र वरच्यांकडे हक्काने पाणी मागणाऱ्या आपल्याच भागात कालव्याच्या टेलच्या, म्हणजे शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्यापर्यंत पाणीपाळी पोहोचत नाही, हेही मुलांना त्याच तासाला समजले पाहिजे.

नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा श्रेणीचा विषय आहे. श्रेणीचा म्हणून तो मार्गी लावण्याकडे कल असतो आणि प्रकल्पाच्या वह्या विकतच्या चित्रांनी भरतात. मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदांनी आपल्या शाळांना पर्जन्यमापक द्यावेत, विहिरीच्या नोंदींना या विषयाचा प्रकल्प म्हणून मान्यता द्यावी आणि उन्हाळी ग्रामसभेत त्या नोंदी मुलांनाच वाचू द्याव्यात. आपल्या दैनिकानेही धरणसाठ्याच्या तक्त्याशेजारी एखाद्या शाळेने मोजलेली विहिरीची पातळी दर महिन्याला छापावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूगोल शिक्षक,
अंबाजोगाई, जि. बीड