पातं थांबेपर्यंत

चि. भैय्यास अनेक आशीर्वाद.

पुण्याच्या कारखान्यात तुला माईटर सॉवर, म्हणजे लाकूड कोनात कापायच्या मशीनवर लावलं, हे परवा फोनवर कळलं. ऐकून बरं वाटलं, पण रात्री झोप लागली नाही. म्हणून हे पत्र.

मशीन नवं असलं तरी कट तेच. पट्टी सरळ आडवी कापली की क्रॉसकट. टेबल फिरवून कोन दिला की माईटर. सॉचं डोकंच, म्हणजे मोटार आणि पात्याचा वरचा भाग, कललं की बेव्हल, आणि दोन्ही एकदम केलं की कंपाउंड. बेव्हलला डोकं कलवण्याआधी फेन्सचा, म्हणजे लाकूड टेकवायच्या मागच्या उभ्या पट्टीचा, वरचा भाग बाजूला सरकवायचा, नाहीतर पातं त्यालाच कापतं. कानबाईच्या चौरंगाची किनारपट्टी आठव. चार कोपरे, ४५ डिग्रीचे आठ कट. प्रत्येक कट अर्ध्या डिग्रीने चुकला तर शेवटच्या कोपऱ्यात ४ डिग्रीची फट पडते. नुसत्या स्केलवर विसंबू नकोस, आधी टाकाऊ तुकडा कापून गुण्या लावून बघ. आणि पातं स्वतःच्या जाडीएवढं लाकूड खातं, म्हणून ते खुणेच्या टाकाऊ बाजूला ठेव.

आपल्या बाजूचा साग उन्हाने वाकतो, तुला माहीत आहे. वाकलेल्या पट्टीची फुगीर बाजू फेन्सला टेकव. उलटी ठेवलीस तर कापता कापता लाकूड पात्यावर आवळतं, आणि मग ते कुठे उडेल सांगता येत नाही. हात पात्यापासून सहा इंच लांब. तुकडा त्याहून लहान असेल तर क्लॅम्प लाव, बोटांनी धरू नकोस. एका हातावरून दुसरा हात कधी न्यायचा नाही. गॉगल हवाच. हातमोजे मात्र नकोत, मोजा अडकला तर पातं त्याच्यासकट हात ओढून घेतं. पातं बदलताना आधी प्लग काढ, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

आता खरी गोष्ट. लहानपणी तू माझ्या डाव्या हाताचं बोट धरून विचारायचास, "नाना, हाई बोटले काय व्हयनं?" मी सांगायचो, दारात सापडलं. ते खोटं होतं. सुरतेला एका वर्कशॉपमध्ये कामाला होतो. तिथल्या सॉचं गार्ड, पात्यावरचं झाकण, दोरीने वर बांधून ठेवलेलं असायचं, काम भरभर उरकावं म्हणून. कट झाला, मी स्विच सोडला, डोकं वर उचललं आणि कापलेला तुकडा घ्यायला हात पुढे केला. पातं अजून फिरत होतं. तुझ्या मायलाही मी हे पुष्कळ दिवसांनी सांगितलं.

म्हणून भाऊ, पातं पूर्ण वेगात आलं की मगच खाली आण. कट झाला की स्विच सोड, पण डोकं खालीच दाबून धर. पातं थांबलं, डोळ्यांनी दात मोजता येतील इतकं थांबलं, की मग वर उचल. मागचा माणूस कितीही घाई करो. गार्ड कोणी बांधलेलं दिसलं तर ते सोड आणि मगच कामाला लाग. पगार कापला तरी चालेल.

माय बिबड्या पाठवतेय. तुमच्या सॉला किती दातांचं पातं आहे ते कळव. चौकटीच्या कामाला दहा इंची पातं ६० ते ८० दातांचं हवं, कमी दातांचं असलं तर कडा फाटतात.

तुझा,
नाना