मुलांनो, तुमची पत्रं पोचली

प्रिय मुलांनो,

तुमची सगळी पत्रं वाचून झाली. वाचताना लाल पेन मुद्दाम लांब ठेवलं होतं, तरी दोन-तीन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला हात शिवशिवलाच. आभार तुम्ही मानलेत, पण माझ्या मोठ्या उपयोगाचं काहीतरी तुम्ही लिहून दिलंत, म्हणून हे उलट टपाली.

आमच्या धंद्यात आपलं नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही. निकालात टक्के कळतात, ते कशामुळे पडले हे कळत नाही. वर्गात माना डोलतात, पण त्या समजल्यामुळे डोलतात की तास संपत आल्यामुळे, देव जाणे. प्रमेयांच्या तासांची मी केवढी तयारी करायचे! रंगीत खडू, कागदाचे त्रिकोण, सगळा सरंजाम. तुमच्या एकाही पत्रात त्याचा उल्लेख नाही. थोडं लागलं, खोटं कशाला बोलू?

त्याऐवजी तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लिहिलंय की, प्रश्न विचारल्यावर बाई थांबायच्या. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली होती. प्रश्न विचारून झाल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात, असं तिला आढळलं. तीनेक सेकंद थांबलं की उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलतात. हे वाचल्यापासून मी मनातल्या मनात आकडे मोजायचे. त्या शांततेत माझाच जीव टांगणीला लागायचा. मागच्या बाकावरच्या एकीने लिहिलंय, ‘तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारलं नाहीत, म्हणून मला उत्तर सुचलं.’ म्हणजे ती शांतता पलीकडे पोचत होती तर.

दुसरी गोष्ट वह्यांची. उत्तर चुकलं की सबंध गणितावर काट न मारता, जिथे पाय घसरला त्या ओळीच्या वर मी ‘इथपर्यंत बरोबर’ लिहायचे. एकाने त्या पानाचा फोटोच पत्राला जोडलाय. तिसऱ्या ओळीत कंसाबाहेरचं वजाचिन्ह आत नेताना हरवलंय, आणि दुसऱ्या ओळीच्या शेजारी माझं तिरकं अक्षर. मला ते पान आठवतही नव्हतं. तो म्हणतो, गणित आपल्याला येतच नाही असं वाटायचं, ते त्या दिवसापासून कमी झालं.

‘गुरुर्ब्रह्मा’ने सुरू होणारी पत्रंही आहेत. भावना पोचली, पण एवढ्या उंचावर बसवलंत तर मला खाली उतरता येणार नाही, आणि तुम्ही शंका विचारायला कचराल. त्यापेक्षा ती हरवलेल्या वजाचिन्हाची गोष्ट मला जास्त आवडली.

‘बाईंना हे विचित्र वाटेल, पाठवू की नको’ असंही एकीने लिहिलंय. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हेच दिसलं. आभाराचं पत्र लिहिणाऱ्याला वाटतं की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात समोरचा तितका अवघडत नाही, आणि अंदाजापेक्षा कितीतरी जास्त सुखावतो. त्यामुळे बाई गं, बरं झालं पाठवलंस. दुसऱ्या कुणा शिक्षकांना लिहायचं राहून गेलं असेल, तर त्यांनाही पाठव.

एका चिठ्ठीत मात्र आभार नाहीतच, नुसता प्रश्न आहे: ‘ऋण गुणिले ऋण धन का, हे अजून पटलेलं नाही.’ तर ऐक. (−१) × ० = ० हे तुला मान्य आहे. आता ० च्या जागी १ + (−१) लिही आणि कंस सोडव. पहिला गुणाकार −१ येतो. बेरीज शून्य व्हायची असेल, तर दुसरा गुणाकार, म्हणजे (−१) × (−१), किती यायला हवा? कागदावर मांडून बघ आणि अडलास तर कळव.

तुमच्या,
गणिताच्या बाई