पिहूच्या गोळ्यांबद्दल

सोलापूर,
१८ एप्रिल

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

पिहूला ‘अभ्यासात लक्ष लागावं’ म्हणून तुम्ही दोघं देताय त्या गोळ्यांच्या लेबलचा फोटो पाहिला. एका गोळीत ३०० मिलिग्रॅम अश्वगंधा अर्क, आणि दिवसाला दोन. मंदार, ६०० मिलिग्रॅम ही मोठ्या माणसांवरच्या चाचण्यांतली मात्रा आहे, आणि पिहू आठ वर्षांची आहे! चूर्णाचा हिशोब अर्काला लावू नकोस. विथानोलाइड (अश्वगंधेतली परिणाम करणारी मुख्य द्रव्यं) ५ टक्के असतील तर त्या एका गोळीत ती १५ मिलिग्रॅम भरतात. साध्या चूर्णात तेवढ्याच वजनाला ती बरीच कमी असतात.

तू पिहूबद्दल सांगितलंस ते, मरगळ, कशातच रस नाही, शाळेतून आली की रडू, हे सगळं गोळ्यांमुळे असू शकतं. अश्वगंधेनं गुंगी येते. आनंद-दुःख दोन्ही बोथट झाल्याचं घेणारी काही मोठी माणसं सांगतात. काहींना उलट धडधड, चिडचिड, झोपमोड होते, कारण ती थायरॉइडचं संप्रेरक वाढवू शकते. लहान मुलांवरचे अभ्यास फार थोडे आहेत.

आजच बंद कर. डॉक्टरांनी दिलेलं दुसरं औषध चालू असेल तर ते मात्र थांबवू नकोस. ब्राह्मी, नवं टॉनिक असलं काहीही आत्ता सुरू करू नका, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही. दोन आठवडे वहीत लिही: झोप, जेवण, पाणी, कधी चिडली, किती वेळ. पाणी मुद्दाम म्हणतो. आपल्याकडच्या या उन्हात पारा चाळिशीपार गेला की मूल तसंही किरकिरं होतं. परीक्षेचा ताणही वेगळा लिही. बरी वाटली तरी ‘बघू पुन्हा देऊन’ हा प्रयोग घरी नको.

डोळे पिवळे, लघवी गडद, अंगाला खाज असं दिसलं तर यकृताची तपासणी लगेच करून घे. मरणाची भाषा केली किंवा स्वतःला इजा केली, तर त्याच दिवशी सिव्हिल गाठ. वही भरायची वाट बघू नकोस.

एरवीही बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखव, आणि ‘आयुर्वेदिकच आहे’ म्हणून गोळ्यांचं सांगायचं टाळू नकोस. बाटली सोबत ने. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर करता येते. तिथे बॅच क्रमांक विचारू शकतात, म्हणून बाटली टाकू नकोस.

रविवारी संध्याकाळी फोन करतो, वही जवळ ठेव.

तुझा,
विनय