बेळगाव ते खडकी: माझ्या फिजिओथेरपिस्ट ताईंस आभारपत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

७ डिसेंबर २०२४ रोजी, सशस्त्र सेना ध्वजदिनी, मी बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्री रेजिमेंटल सेंटरच्या फाटकापासून पायी निघालो आणि ३० डिसेंबरला खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला, म्हणजे कमरेखालून लुळ्या पडलेल्या सैनिकांच्या पुनर्वसन केंद्राला, पोहोचलो. या सुमारे ३४० किलोमीटरच्या चालीबद्दल गावाने माझा सत्कार केला. बोलायला उभा राहिलो तेव्हा कंठ दाटून आला आणि तुमच्याविषयी दोन वाक्यांपलीकडे काही सांगता आले नाही. त्यानंतर जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागांत गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, म्हणजे माझ्याच आजाराचे, रुग्ण वाढले आणि घाबरलेल्या घरांतून मला विचारणा होऊ लागली. म्हणून राहिलेले ते बोलणे आज सर्वांसमक्ष लिहीत आहे.

ऑगस्ट २०२२ मध्ये पोट बिघडून बरे झाल्यावर आठवडाभराने माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. तिसऱ्या दिवशी जिना चढवेना आणि पाचव्या दिवशी चहाचा कप हातात धरवेना. नऊ दिवस मी व्हेंटिलेटरवर होतो. पाच दिवस इम्युनोग्लोब्युलिन हे प्रतिपिंडांचे औषध देऊन डॉक्टरांनी माझा जीव वाचवला, त्यांचा मी जन्मभर ऋणी आहे. परंतु वाचलेला तो देह उभा राहील की नाही, हे पुढच्या दीड वर्षात तुमच्या हातून ठरले.

तुमची पहिली आज्ञा मला आजही पाठ आहे: "काका, आज फक्त पलंगाच्या काठावर बसायचं. दोन मिनिटं." अठ्ठावीस वर्षे फौजेत काढलेल्या माणसाला हे अपमानास्पद वाटले होते. थकल्यावर आणखी शंभर पावले टाकायची, हेच आम्ही शिकलो होतो. म्हणून एका रात्री कोणाला न सांगता मी उभा राहिलो आणि पडलो. कपाळाला टाके पडले आणि पुढचे दोन दिवस आधी जमत होते तेवढेही जमेना. तुम्ही रागावला नाहीत. स्टूल ओढून शेजारी बसलात आणि समजावून सांगितलेत की या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती मज्जातंतूंवरचे आवरण खरवडते, काही ठिकाणी आतला तंतूही तुटतो, आणि तुटलेला तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या गतीने वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर मी मनात मोजले, तेव्हा हिशोब जवळजवळ तीन वर्षांचा निघाला. दमल्यानंतर थांबणे उशिराचे असते, दमण्यापूर्वी थांबायचे, हे तुम्ही त्या दिवशी माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिलेत.

त्याच संभाषणात मी विचारले होते की आमच्या कंपनीतला जवान, जो पाठीच्या कण्याला इजा होऊन खडकीला व्हीलचेअरवर आहे, त्याचेही तंतू असेच वाढतील का. तुम्ही खोटा धीर दिला नाहीत. हातापायांतल्या मज्जातंतूंना जी वाढ साधते, ती मज्जारज्जूला साधत नाही, असे स्पष्ट सांगितलेत. १९७४ पासून अशा सैनिकांना सांभाळणाऱ्या त्या केंद्रासाठी आपण चालायचे, हे मी त्याच संध्याकाळी ठरवले. लोकांनी देणगी थेट केंद्राकडे पाठवली, एक रुपयाही माझ्या हातात आला नाही.

चालण्याचा आराखडा तुमचाच होता: दिवसाला सोळा किलोमीटर आणि दर सातव्या दिवशी पूर्ण विश्रांती. तवंदी घाट उतरल्यावर निपाणीकरांनी प्रेमाने आणखी पाच किलोमीटर सोबत चालण्याचा आग्रह केला, तेव्हा मी वही दाखवून हात जोडले. पेठ नाक्यावर मात्र मी ठरल्यापेक्षा जास्त वेळ बसलो. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेले आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहून भारताला पॅरालिम्पिकमधले पहिले सुवर्णपदक मिळवून देणारे मुरलीकांत पेटकर याच पेठचे. त्यांच्या गावाच्या वेशीपाशी पाय दुखतात म्हणायला मन धजेना.

नाताळच्या दिवशी खंबाटकीला तुम्ही सुट्टी खर्चून आलात. बोगद्यातून पायी जाणे धोक्याचे, म्हणून आम्ही घाटरस्ता धरला होता. माझे उजवे पाऊल अजून पुरते उचलत नाही आणि उतारावर ते आपटते, हे तुम्हाला ठाऊक होते. उतारभर तुम्ही माझ्या मागे चाललात, नजर माझ्या टाचेवर ठेवून, आणि तीन वेळा पायाच्या आधारपट्टीचा पट्टा स्वतः वाकून घट्ट केलात. ताई, वयाने लेकीसारख्या असलेल्या तुम्हाला रस्त्यावर माझ्या पायाशी वाकलेले पाहून मी संकोचलो होतो. त्या क्षणी तुमचे आभार मानायला हवे होते. ते राहिले.

खडकीला पोहोचल्यावर आमच्या त्या जवानाने सर्वांत आधी वही मागितली आणि मांडीवर ठेवून पानन् पान वाचली. शेवटच्या नोंदीखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिले: "सुभेदार साहेब वेळेवर थांबले."

आता दर गुरुवारी मी तुमच्या विभागात नव्या रुग्णांजवळ बसतो. किरकटवाडीच्या एका तरुणाने कालच पलंगाच्या काठावर दोन मिनिटे बसून दाखवले आणि तिसऱ्या मिनिटासाठी हट्ट धरला. येत्या गुरुवारी मी त्याच्यासाठी ती वही घेऊन येत आहे.

आपला कृतज्ञ,
एक निवृत्त सुभेदार, मराठा लाइट इन्फंट्री