चौरस फूट मोजता, बोल्टही मोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की अनधिकृत फलकांवरच्या कारवाईच्या बातम्या सुरू होतात. 13 मे 2024 रोजी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला. मुंबईत मर्यादा 40 बाय 40 फुटांची असताना ते सुमारे 120 बाय 120 फुटांचे होते. तेव्हापासून सगळी चर्चा होर्डिंगभोवतीच फिरते आहे. दुकानाच्या दर्शनी पाटीकडे मात्र कोणी बघत नाही. बघितलेच तर शुल्क आकारायला टेप घेऊन बघतात.

दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, माझ्याच दुकानावर माझ्याच नावाची पाटी, तिला परवानगी कशाला? कायदा इथे बराच सरळ आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 245 मध्ये (मुंबईसाठी 1888 च्या अधिनियमातील 328-अ) त्याच जागेत चालणाऱ्या धंद्याच्या फलकाला, तसेच खिडकीच्या आतल्या फलकाला परवानगीतून सूट आहे. पण दोन अटींवर: फलक प्रकाशित नको आणि आकाशचिन्ह नको. गोची इथेच होते. रंगवलेली साधी पाटी सुटीत बसते. तिच्या जागी ग्लो साईन किंवा एलईडीची अक्षरे आली की ती सूट संपते. फ्लेक्सवाला हे सांगत नाही आणि बहुतेकदा त्याला ते ठाऊकही नसते. शोकेसमधला माल दिसावा म्हणून लावलेला माफक उजेड यात धरत नाहीत, एवढाच काय तो दिलासा.

आकाशचिन्ह म्हणजे इमारतीवर खांब किंवा सांगाडा उभारून लावलेला, रस्त्यावरून पाहताना मागे आकाश दिसेल असा फलक. गच्चीच्या कठड्यावर पाटी चढवली की प्रकरण इकडे सरकते. आकाशचिन्हाच्या परवानगीची एक बाजू फारशी कोणाला माहीत नसते. कागदावरची मुदत शिल्लक असूनही ती आपोआप रद्द होऊ शकते. फलकात भर घातली, बदल केला, त्याचा एखादा भाग पडला किंवा फलक हलवावा लागेल असे काम इमारतीत काढले, तर जुना कागद उपयोगाचा राहत नाही. परवाना फ्रेम करून गल्ल्यामागे टांगणाऱ्यांनी कलम 244 एकदा वाचावे. सूट कुठे संपते आणि परवानगी कशाने रद्द होते, हे दोन परिच्छेद पालिकेने अर्जाच्या पाठीवर छापले तर निम्म्या नोटिसा काढाव्याच लागणार नाहीत.

कंपनीकडून फुकट मिळणाऱ्या पाट्यांची गंमत वेगळी. रंगाच्या किंवा मोबाईलच्या कंपनीचा माणूस फलक लावून देतो, त्यात तीन हिस्से कंपनीचे चिन्ह आणि कोपऱ्यात दुकानाचे नाव. पालिकेच्या लेखी ती नामपाटी राहत नाही, जाहिरात होते. नोटीस निघते ती दुकानाच्या नावाने. तोवर कंपनीच्या त्या माणसाची बदली झालेली असते.

मराठी पाटीचा नियम निराळ्या कायद्यातला आहे, म्हणजे दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 मधला. 2022 च्या दुरुस्तीने दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानेही त्यात आली. देवनागरीतले मराठी नाव आधी हवे आणि त्याचा टाइप इतर लिप्यांपेक्षा लहान नको. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि एकच धावपळ उडाली. नियम योग्यच आहे. घाईत मात्र जुन्या सांगाड्यावर नवे, जड फलक चढले. पत्र्याच्या वजनाला पुरणारे बोल्ट आता एसीपी (ॲल्युमिनियमचे थर असलेले सजावटीचे पॅनेल), ॲक्रिलिकची अक्षरे आणि पॉवर सप्लाय पेलत आहेत.

आता मूळ मुद्दा. परवानगीच्या अर्जाला दर्शनी भागाचा फोटो, मापांचे रेखाचित्र, जागामालकाचे किंवा सोसायटीचे ना-हरकत पत्र, मिळकतकराची पावती आणि गुमास्ता अशी कागदपत्रे जोडतात. मोठ्या फलकाला संरचना अभियंत्याचा स्थैर्य दाखला लागतो. त्या रेखाचित्रात लांबी-रुंदी असते, कारण शुल्क चौरस मीटरवर बसते. फलक भिंतीत कशाने धरला आहे, हे सहसा कुठेच नसते. आणि फलक पडतो तो तिथूनच.

आकडे पाहा. आयएस 875 भाग 3 या वाऱ्याच्या भाराच्या भारतीय मानकाप्रमाणे मुंबईसाठी वाऱ्याचा मूलभूत वेग सेकंदाला 44 मीटर, पुण्यासाठी 39. दाब काढायचा तर वेगाचा वर्ग गुणिले 0.6; हे उत्तर न्यूटनमध्ये येते, किलोसाठी त्याला 9.81 ने भागायचे. मुंबईत तो चौरस मीटरला सुमारे 118 किलो येतो, पुण्यात 93. म्हणजे 12 बाय 4 फुटांच्या पाटीवर मुंबईत सव्वापाचशे किलोंचा जोर. आकाराचे आणि जागेचे गुणांक धरले की हिशेब आणखी बदलतो. फ्लेक्सला चिरा पाडल्या की वारा निघून जातो, हा समज सोडून द्यावा. त्याने दाब नाममात्र कमी होतो.

भिंतीला काटकोनात बाहेर काढलेल्या पाट्या सर्वांत धोक्याच्या. 3 बाय 3 फुटांची पाटी घ्या, तिचा मध्य भिंतीपासून 2 फुटांवर. आडवा वारा तिला साधारण 99 किलोंनी ढकलतो. फॅब्रिकेटर भिंतीवर बोल्टांनी बसवायला जी पट्टी वापरतो ती उभी, अरुंद असते, कारण त्याच्या डोळ्यासमोर फक्त वजन असते. वजनासाठी बोल्टांमधले उभे अंतर कामाला येते, वाऱ्यासाठी आडवे. हे आडवे अंतर 6 इंच असेल, तर एका बाजूच्या बोल्टांवर मिळून 395 किलोंच्या आसपास ओढ येते. तेच अंतर एक फूट केले की ओढ निम्मी. पट्टी थोडी रुंद कापायची, एवढाच काय तो खर्च.

बोल्ट कशात बसला आहे, हेही तितकेच महत्त्वाचे. बाहेरचा गिलावा 20 मिलिमीटरच्या आसपास असतो, तो काहीच धरत नाही. आखूड फास्टनरची निम्मी लांबी त्यातच वाया जाते. फुगणारा फास्टनर विटेच्या कडेजवळ बसवला तर वीट फुटते, एएसी ब्लॉकमध्ये (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या विटेत) तो सैल पडतो. बीम किंवा लिंटेल (दार-खिडकीवरची काँक्रीटची तुळई) सापडत असेल तर तिथेच धरावे. नसेल तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतून प्लेट द्यावी, किंवा जाळीच्या स्लीव्हसह केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट) वापरावा. आणि एसीपीच्या सजावटीवर पाटी कधीही टांगू नये. तिचे बोल्ट मागच्या भिंतीत गेले पाहिजेत.

विजेबद्दल थोडक्यात. फलकाला स्वतंत्र एमसीबी (जादा प्रवाह तोडणारा स्विच), 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच), सांगाड्याला अर्थिंग आणि हाताशी येईल असा बंद करायचा स्विच हवा. ‘रेनप्रूफ’ पॉवर सप्लायची भोके खालच्या बाजूला ठेवावीत. आडवा टाकला की त्यात पाणी शिरते. पेटीच्या तळाला पाणी निघायला छिद्रे ठेवावीत. टेप गुंडाळलेले जोड पहिल्या पावसातच दगा देतात.

आकाशचिन्ह व परवाना विभागाला विनंती एवढीच की अर्जात एक पान वाढवावे. त्यावर भिंतीचा प्रकार, बोल्टांचा व्यास, संख्या, खोली आणि उभे-आडवे अंतर लिहून घ्यावे. सोबत कव्हर लावण्याआधीचा, बोल्ट दिसतील असा फोटो घ्यावा. लहान, विनाप्रकाश पाट्यांना परवानगी लागत नसली तरी हे पान स्वेच्छेने भरून देण्याची सोय ठेवावी. नूतनीकरणाच्या वेळी शुल्काच्या पावतीबरोबर ताजा फोटो मागावा आणि तो मे महिन्यातलाच असावा.

तोवर दुकानदारांनी वीजपुरवठा बंद करून खालून नीट निरखावे. बोल्टाखाली भिंतीवर तांबूस ओघळ, पट्टीभोवती गिलाव्याला गोल तडा, वेल्डिंगपाशी फुगलेला रंग किंवा उघडे राहिलेले पाइपचे तोंड यांपैकी काहीही दिसले, तर रंगाऱ्याला नव्हे, संरचना अभियंत्याला बोलवावे.

आपला,
एक वाचक (संरचना अभियंता)