प्रॉक्सीला अँटिव्हायरसचा उतारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात ‘स्क्विड’ला ‘नवा व्हायरस’ ठरवून मोकळे झालात, अभिनंदन! स्क्विड हा प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे ऑफिसातले संगणक आणि इंटरनेट यांच्यामधला मध्यस्थ प्रोग्राम आहे हो. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत, कॉलेज रोडच्या क्लासमध्ये, कोपऱ्यातल्या एखाद्या जुन्या पीसीवर ३१२८ पोर्ट (नेटवर्कचं दार) धरून तो निमूट चालू असतो. आणि त्यातली सुरक्षेची चूक नवीही नाही. दुरुस्त केलेली ६.४ आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मधली. त्या चुकीला सीव्हीई-२०२५-५४५७४ हा सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीतला क्रमांक मिळाला तो ऑगस्ट २०२५ मध्ये.

सल्ला तर कहरच : ‘पासवर्ड बदला, अँटिव्हायरस टाका.’ ‘यूआरएन’ प्रकारच्या (ठिकाणाऐवजी नावाने ओळख सांगणाऱ्या) पत्त्याचं उत्तर समोरच्या सर्व्हरकडून आलं की ते ठेवायच्या जागेचा हिशेब स्क्विड चुकतो. मग मेमरीतला ४ केबीपर्यंतचा भलताच मजकूर मागणाऱ्याच्या हाती पडू शकतो. बाहेरच्याचा कोड सर्व्हरवर चालण्याचाही धोका आहे. त्या ४ केबीत कुणाचं लॉगिन असेल सांगता येत नाही. भोक तसंच ठेवून पासवर्ड बदलला, तर नवा पासवर्ड जाणार कुठून? त्याच मेमरीतून ना?

छापायला हव्या होत्या दोन ओळी. स्क्विड डॉट कॉन्फ या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘एसीएल यूआरएन प्रोटो यूआरएन’ आणि तिच्याखाली ‘एचटीटीपी_अॅक्सेस डिनाय यूआरएन’, म्हणजे यूआरएनची मागणी सरळ नाकारायची. पण फाइलच्या तळाशी नव्हे! नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला लागू पडला की स्क्विड पुढचं बघतच नाही. ‘अलाउ लोकलनेट’ या ऑफिसातल्या मशीनना परवानगी देणाऱ्या नियमाच्या खाली या ओळी टाकल्या, तर ऑफिसातल्या मशीनसाठी त्या असून नसल्यासारख्या. मग ‘स्क्विड -के पार्स’ने फाइल तपासायची, ‘स्क्विड -के रीकॉन्फिगर’ द्यायचं. रीस्टार्टही लागत नाही. अर्थात ही मलमपट्टी. खरा उपाय अपडेटच.

तिथेही एक गोम आहे. उबुंटू-डेबियन या लिनक्स प्रणालींवाले जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालून देतात. तेव्हा ‘स्क्विड -व्ही’ने दाखवलेला आवृत्तीचा आकडा ६.४ च्या खालचा दिसला म्हणून लगेच घाबरू नये, आधी पॅकेजचा चेंजलॉग (बदलांची नोंद) वाचावा.

जाता जाता, प्रत्येक सायबर बातमीला तोच काळं टोपडं घातलेला, तोंड न दिसणारा इसम अजून किती वर्षं छापणार आहात? काल त्याला तीन कॉलम दिलेत. वरच्या दोन ओळींना अर्धा पुरला असता.

आपला,
एक वाचक, इंदिरानगर, नाशिक