तुम्ही चौघं कव्हरवर नकोत

नाशिक
रविवार

प्रिय सुध्या,

तुमच्या रेकॉर्डच्या कव्हरची तिन्ही डिझाइनं बघितली. फोनवर दोन वाक्यांत सांगून मोकळा झालो असतो, पण काही गोष्टी नीट लिहूनच सांगायला हव्यात.

पहिल्यात तुम्ही चौघं विटांच्या भिंतीपुढे उभे राहून चार दिशांना बघताय. ते आधी रद्द कर. निम्म्या जगाचे बँड त्या भिंतीपुढे उभे राहून गेलेत, आणि तुमचा बेसवाला हसू दाबतोय हे स्पष्ट दिसतंय.

दुसरं, क्राफ्ट कागद आणि त्यावर रबरी शिक्का. यावर मात्र मला भांडायचंय. कधीकाळी कुणाकडे खरंच पैसे नव्हते, म्हणून त्याने तपकिरी कागदाच्या पाकिटावर शिक्का मारला, आणि ते छान दिसलं कारण ते खरं होतं. आता चांगलं इंपोर्टेड क्राफ्ट बोर्ड खोक्यांच्या साध्या, करड्या पाठीच्या पुठ्ठ्यापेक्षा (ग्रेबॅक डुप्लेक्स) महाग पडतं. कॉलेज रोडला साबण घे, कॉफी घे, मेणबत्ती घे, सगळं त्याच तपकिरी खोक्यात मिळतं. म्हणजे ज्यादा पैसे मोजून गरीब दिसायचं. तुमच्या गाण्यांत असलं काही नाही, मग कव्हरवर कशाला?

तू विचारलंस की बँडची ‘इमेज’ कव्हरमधून नेमकी येते कशी. मी दिवसभर औषधांची कार्टन छापणारा माणूस, त्यामुळे माझं उत्तर तसलंच असणार. चित्र काय आहे हे त्यात फार उशिरा येतं. बोटाला काय लागतं, उघडताना आधी काय निघतं, आणि मुख्य म्हणजे काय छापायचं नाही असं ठरवलंय, यावर लोक बँडबद्दल मत करून टाकतात. आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमधली नोटच घे ना. कागदाचा करकरीतपणा आणि छपाईचा उठाव बोटाला लागला की माणूस अर्धा निश्चिंत होतो, गांधीजींकडे नंतर बघतो.

आता जॉय डिव्हिजन या बँडची ‘अननोन प्लेझर्स’ आठव. १९७९, मँचेस्टर, फॅक्टरी रेकॉर्ड्स. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेघांचे डोंगर, बास. पुढच्या बाजूला ना बँडचं नाव, ना अल्बमचं. ती आकृती बँडमधल्याच एकाला खगोलशास्त्राच्या ज्ञानकोशात सापडली होती. १९६७ साली जोसेलिन बेल यांना जो पहिला पल्सार, म्हणजे ठरावीक वेळाने रेडिओ ठोके देणारा तारा, सापडला, त्याच्या एकामागून एक आलेल्या ८० स्पंदनांचा तो आलेख. दर १.३४ सेकंदाला एक ठोका. पुस्तकात तो पांढऱ्यावर काळा होता, कव्हर करणाऱ्या पीटर सॅव्हिलने उलटा केला. सगळी करामत त्या उलटण्यात आहे. पांढऱ्यावर तो विज्ञानाचा तक्ता दिसला असता, काळ्यावर तो एकट्या माणसाचा आवाज वाटतो. शिवाय मूळ कव्हर गुळगुळीत नव्हतं, खरखरीत पोताच्या कागदाचं होतं. रेकॉर्डच्या दोन बाजूंना ‘ए’ आणि ‘बी’ म्हणायच्या ऐवजी ‘आउटसाइड’ आणि ‘इनसाइड’ अशी नावं दिलेली. बँड आपल्याशी जास्त बोलणार नाही, हे एक नोटही न ऐकता कळतं.

तू म्हणशील, ते मोठे लोक, त्यांना नाव लपवणं परवडतं. अरे, तेव्हा ते मोठे नव्हतेच, तो त्यांचा पहिला अल्बम होता. पण त्यांच्यामागे फॅक्टरी होती, आणि सॅव्हिल त्या कंपनीचा भागीदारच होता. म्हणून त्यांच्या कव्हरांना एकच डोळा लाभला. पुढे जॉय डिव्हिजनमधलेच उरलेले लोक न्यू ऑर्डर झाले आणि १९८३ साली ‘ब्लू मंडे’ ही सिंगल रेकॉर्ड काढली. कव्हर म्हणजे फ्लॉपी डिस्क, खऱ्यासारखी भोकं पाडलेली, आत चंदेरी पाकीट. नाव रंगांच्या चौकटींत सांकेतिक लिपीत लिहिलेलं, आणि ती लिपी उकलायची किल्ली दुसऱ्याच अल्बमच्या पाठीवर! त्या पंचिंगपायी प्रत्येक प्रतीमागे कंपनीला तोटा व्हायचा अशी दंतकथा आहे, आकडे प्रत्येक जण वेगळे सांगतो. मी पंचिंगचे दर रोज लावतो, त्यामुळे दंतकथेवर माझा विश्वास आहे.

त्याच कंपनीचा दुसरा बँड, दुरुत्ती कॉलम. १९८० च्या पहिल्या अल्बमचं कव्हर सँडपेपरचं. कपाटात ठेवलं की शेजारच्या रेकॉर्डची कव्हरं खरवडून काढणार. कल्पना गी दबोर आणि आस्गेर यॉर्न यांच्या एका जुन्या पुस्तकावरून उचललेली, आणि चिकटवायला जॉय डिव्हिजनची पोरंच बसली होती म्हणतात. गंमत अशी की आतलं संगीत कमालीचं नाजूक, बरंचसं नुसती गिटार. कव्हर आणि संगीत एकमेकांशी भांडतात. मला हे पटतं. कव्हरने गाण्याचा अनुवाद करायचा नसतो, त्याच्या शेजारी उभं राहायचं असतं.

पण माझं खरं दैवत वेगळंच. स्पिरिच्युअलाइज्ड या बँडचा १९९७ चा अल्बम. डिझाइनर मार्क फॅरोने त्याची सीडी औषधाच्या गोळीसारखी फॉइलच्या ब्लिस्टरमध्ये घातली. फोडल्याशिवाय गाणं ऐकता येत नाही, आणि एकदा फोडलं की गेलं. सोबत पत्रक, औषधाबरोबर येतं तसंच, मात्रा आणि इशाऱ्यांसकट. एका खास आवृत्तीत तर बारा गाण्यांच्या बारा छोट्या सीडी, प्रत्येक वेगळ्या ब्लिस्टरमध्ये. नुसतं ‘औषधाची थीम’ म्हणून कुणी केलं असतं तर लाल क्रॉस काढला असता आणि झालं असतं. यांनी औषधकंपनीचा कोरडेपणा उचलला. तो थंड टाइप, ती सपाट पांढरी जागा, कुठेही गाणाऱ्याचा चेहरा नाही. प्रेमभंगाची आणि नशेची गाणी, आणि पाकीट मात्र निर्विकार. म्हणून ते अंगावर येतं.

आमच्याकडे कार्टनवर बॅच नंबर आणि एक्स्पायरी मारायला एक छोटा चौकोन वार्निशविना सोडतात, नाहीतर शाई बसत नाही, बोटाने पुसली जाते. बाकी सगळं चकचकीत आणि तेवढाच तुकडा निस्तेज. तिरका धरला तरच दिसतो. कुणी औषधाचं कव्हर करायला निघालं की मी आधी हा चौकोन शोधतो. तो असेल तर माणसाने खरं खोकं हातात घेतलंय.

यावरून तुझं तिसरं डिझाइन. बाबांचं हजेरी कार्ड! लेका, हे हातात असताना तू पहिली दोन पाठवलीसच कशाला? सातपूरची थर्ड शिफ्ट, गेटवरचं पंचिंग, पिवळट जाड कार्ड, कडेला तेलाचे डाग. तुझी निम्मी गाणी त्या कार्डातूनच आलीत. फक्त तुम्ही त्याचा फोटो काढून १२ इंचांवर ताणलाय, वर खोट्या सुरकुत्या टाकल्यात, आणि कोपऱ्यात तुमचं नाव टाइपरायटरच्या अक्षरांत. कार्ड मोठं केलं की ते कार्ड राहत नाही, पोस्टर होतं.

माझं म्हणणं असं. कार्ड कार्डाच्याच मापात छापू या, तसल्याच पिवळट, लेप नसलेल्या (अनकोटेड) बोर्डावर, एका रंगात, आणि रेकॉर्डसोबत आत सुटं घालू या. तारखांच्या रकान्यांत गाण्यांची नावं, पंच व्हायच्या जागी गाण्याची वेळ. अनकोटेडवर शाई पसरते, म्हणून बारीक अक्षर आठ पॉइंटच्या खाली नेऊ नका. बाबांचा टोकन नंबर राहू दे, नाव काढ. आणि छापण्याआधी त्यांना विचार. कार्ड त्यांचं आहे.

बाहेरचं कव्हर मग जवळपास कोरं. तुला काळं हवंय ते ठीक, पण पांढऱ्या आर्ट कार्डावर काळा सॉलिड छापलास तर घडीवर चरे जाऊन आतला पांढरा धागा दिसतो, आणि मॅट लॅमिनेशनवर सगळ्या पुण्याचे बोटांचे ठसे उमटतात. त्यापेक्षा मुळातच काळ्या लगद्याचं बोर्ड घे. घडी कशीही पडली तरी काळंच. ग्रेन, म्हणजे बोर्डातल्या तंतूंची दिशा, पाठीला समांतर ठेवायचा, नाहीतर उघडताना पाठ फुगते. पुढच्या बाजूला फक्त एक भोक, घड्याळाच्या पंचाएवढं, त्यातून आतल्या कार्डाचा पिवळा रंग दिसेल. भोक एकच असल्याने भोक पाडायचा साचाही (डाय) स्वस्तात होईल.

नावाचं काय? पाठीवर हवंच. दुकानात आणि घरात रेकॉर्ड उभ्या लावतात, पाठच दिसते. पुढे हवं असेल तर जपानी रेकॉर्डांवर असते तशी कागदाची पट्टी गुंडाळ. दुकानदाराला नाव मिळतं, आणि घेणारा ती घरी काढून टाकतो. मी आमच्या मशीनवाल्या मामांना सगळी कल्पना सांगितली. ते बराच वेळ बघत बसले आणि म्हणाले, "बाकी ठीक आहे, पण याच्यावर एमआरपी कुठे?" तर एमआरपी पट्टीवर.

फोनवर गाणं ऐकताना कव्हरचा जो छोटा चौकोन दिसतो, त्यासाठी वेगळा विचार करायची गरज नाही. नखाएवढं केलं तरी काळ्यात पिवळा ठिपका ओळखू येतोच. पल्सारच्या रेघा तेवढ्याशा जागेत अजून टिकून आहेत ना.

एकच भीती आहे, तुमच्या गिटारवाल्याची. तो म्हणणार, बँड कुठे दिसतोय? त्याला सांग, स्मिथ्स या बँडच्या स्टुडिओ अल्बमांवर पुढे त्यांच्यातला कुणीच नाही. त्यांचा गायक मॉरिसी जुन्या सिनेमांतले चेहरे निवडायचा आणि एका रंगाच्या छटेत छापायचा, तरी दुरून कळायचं की स्मिथ्स आहेत. तेवढ्याने तो ऐकला नाही, तर आतल्या पाकिटावर एक फोटो टाका, छोटा, भिंतीशिवाय.

पुढच्या आठवड्यात कोरा डमी कुरिअरने पाठवतो. त्यात एखादी जुनी रेकॉर्ड घालून बघ, अडकते का ते सांग. गाण्यांचा क्रम अजून बदलायचा असेल तर आत्ताच बदला. प्लेट लागल्यावर मला फोन करायचा नाही. आणि सध्या द्राक्षांच्या पेट्यांमुळे नालीदार पुठ्ठ्याची खोकी करणारे कोरुगेशनवाले कुणाचं ऐकत नाहीत, तेव्हा बाहेरची कुरिअरची खोकी तिकडेच बघ.

काकूंना नमस्कार. बाबांना विचारायचं विसरू नकोस.

तुझा,
विन्या